पूर्णांक बरोबर, दशांश चुकीचा: स्वतःच्या कंपायलरमध्ये ‘तीन टिंबं’ बिघडतात तेव्हा

स्वतःची भाषा आणि स्वतःचा कंपायलर लिहिणाऱ्यांकडे हा दोष ठरलेला. बेरीज-वजाबाकी चालते, लूप चालतात, फिबोनाची चालतो. मग कोणीतरी सी लायब्ररीतलं, मजकूर आणि आकडे छापणारं प्रिंटएफ जोडतं. त्याच्या घोषणेत शेवटी तीन टिंबं (...) असतात, म्हणजे तिथे कितीही आणि निरनिराळ्या प्रकारची आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेल्या किमती) चालतात; अशा फंक्शनला व्हेरिॲडिक म्हणतात. तिथून पुढे काय होईल ते सांगता येत नाही. दुसऱ्यांच्या कंपायलरांत हाच दोष मी वारंवार दुरुस्त केलाय, आणि लक्षणं बघून कारण बहुतेक वेळा ओळखता येतं. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

– प्रिंटएफला पूर्णांक दिला तर बरोबर छापला जातो. दशांश दिला तर ०.०००००० किंवा भलताच आकडा येतो.
– दशांश दिला की प्रोग्राम प्रिंटएफच्या आतच कोसळतो. डीबगर ‘मूव्हॅप्स’ या मशीन-सूचनेकडे बोट दाखवतो.
– प्रिंटएफ एकटं कॉल केलं तर चालतं, मोठ्या गणिती राशीच्या मधे कॉल केलं तर कोसळतं.
– पहिले पाच आकडे बरोबर, सहावा कचरा.
– उणे १ च्या जागी २५५ छापलं जातं.
– लिनक्सवर सगळं ठीक, पण एम१ किंवा त्यापुढच्या मॅकवर साधा पूर्णांकही चुकतो.
– तुमच्या भाषेत लिहिलेलं व्हेरिॲडिक फंक्शन पहिली काही आर्ग्युमेंट्स नीट वाचतं आणि मग भरकटतं. किंवा त्याच्या शेजारची लोकल व्हेरिएबल्स आपोआप बदलतात.
– मधे एखादं असंबद्ध व्हेरिएबल जाहीर केलं की सगळं ‘बरं’ होतं. यावर समाधान मानू नका. स्टॅक (फंक्शनच्या कामाची तात्पुरती मेमरी) आठ बाइटनी सरकला, एवढाच त्याचा अर्थ.

शोध कुठून सुरू करायचा

साध्या फंक्शनमध्ये आर्ग्युमेंट्सची संख्या आणि प्रकार दोन्ही बाजूंना माहीत असतात. तीन टिंबांच्या फंक्शनमध्ये ते फक्त कॉल करणाऱ्याला माहीत असतात. पंगतीला किती पानं मांडायची हे आमंत्रण देणाऱ्यालाच ठाऊक असतं, तसं. प्रिंटएफला कळतं ते फॉरमॅट स्ट्रिंगवरून (पूर्णांकाला ‘%डी’, दशांशाला ‘%एफ’ अशा खुणा असलेला पहिला मजकूर), आणि ती स्ट्रिंग खरं बोलते आहे की नाही हे तपासायला प्रोग्राम चालताना कोणी नसतं. म्हणून कंपायलरने कॉलच्या जागी केलेली चूक कुठेच अडत नाही; ती शांतपणे पलीकडे जाते आणि तिथे कचरा होऊन बाहेर येते. बहुतेक जण कोसळलेल्या जागी, म्हणजे प्रिंटएफच्या आत, शोधत बसतात. शोधायचं असतं कॉलच्या आधीच्या दहा-पंधरा सूचनांमध्ये. खालच्या पडताळण्या त्याच क्रमाने लावल्या आहेत: आधी कॉल करणारी बाजू, शेवटी कॉल होणारी.

वेगळं सांगितलं नसेल तिथे लिनक्सवरचा ६४-बिट एक्स८६ आणि त्याचा सिस्टिम व्ही एबीआय (कॉल करताना कोणतं आर्ग्युमेंट कुठे ठेवायचं याचे नियम) गृहीत धरा.

पडताळणी १: दोष खरंच तीन टिंबांचा आहे का

याला पैसे लागत नाहीत, वेळही फारसा नाही. प्रिंटएफच्या जागी तोच मजकूर पुट्सने, म्हणजे मजकूर जसाच्या तसा छापणाऱ्या साध्या फंक्शनने, छापून बघा. पुट्सही काहीच छापत नसेल तर आर्ग्युमेंट्सचा संबंध नाही. बहुधा तुमच्या कंपायलरने स्वतःचं ‘_स्टार्ट’ (प्रोग्राम जिथून सुरू होतो तो कोड) लिहिलंय आणि शेवटी थेट कर्नेलचा एक्झिट सिस्टिम कॉल केलाय. सी लायब्ररीचं एक्झिट चाललंच नाही, त्यामुळे बफरमधला, म्हणजे छापण्याआधी साठवलेला, मजकूर बफरमध्येच राहिला. टर्मिनलवर ओळ संपली की बफर रिकामा होतो आणि आउटपुट दिसतं. तेच फाइलमध्ये वळवलं की गायब. ही खूण पक्की.

दुसरा भ्रम खास आपल्याकडचा. मराठी नावांचा तक्ता ‘%-१०एस’ने छापला की रकाने वाकडे येतात आणि संशय आर्ग्युमेंट्सवर जातो. प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रासुद्धा. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. दहाची रुंदी आधीच ओलांडलेली, त्यामुळे एकही मोकळी जागा भरली जात नाही. कंपायलर निर्दोष आहे.

पडताळणी २: फॉरमॅट आणि प्रकार जुळतात का

तुमच्या भाषेचा पूर्णांक ६४ बिटचा असेल आणि फॉरमॅटमध्ये नुसतं ‘%डी’ असेल, तर लहान आकडे बरोबर दिसतील आणि २१४७४८३६४८ हा उणे २१४७४८३६४८ म्हणून छापला जाईल. ६४-बिट एक्स८६ वर नुकसान तेवढ्यावरच थांबतं, कारण प्रत्येक आर्ग्युमेंटला आठ बाइटची जागा मिळते. ३२-बिट एक्स८६ वर मात्र त्या एका आर्ग्युमेंटने दोन जागा खाल्लेल्या असतात आणि त्याच्या पुढचं सगळं सरकतं. ‘%एलडी’ लिहून सुटल्यासारखं वाटतं, पण विंडोजवर लाँग ३२ बिटचाच असतो. ६४ बिटसाठी ‘%एलएलडी’ वापरा.

तोच कॉल सीमध्ये लिहून जीसीसी किंवा क्लँग या सी कंपायलरला ‘-डब्ल्यूफॉरमॅट’ लावून दाखवा. विसंगती असेल तर ते लगेच सांगतात. असली तपासणी तुमच्या कंपायलरमध्ये नसणं साहजिक आहे. सीलाही ती सवलत म्हणूनच मिळाली आहे: फॉरमॅट स्ट्रिंग अक्षरशः लिहिलेली असेल तेव्हाच ती चालते.

पडताळणी ३: तीन टिंबं कॉलपर्यंत पोचली का

पार्सरने टिंबं वाचली, प्रकार-तपासणीने मान्य केली, आणि कोड तयार करणाऱ्या भागात येईपर्यंत फंक्शनचा प्रकार ‘दोन आर्ग्युमेंट्सचं साधं फंक्शन’ असा होऊन बसला. हे फार वेळा दिसतं, कारण आर्ग्युमेंट्स मोजून तयार केलेला प्रकार हाताशी असतो आणि तोच पुढे ढकलला जातो.

एलएलव्हीएम (कंपायलरांना मशीन कोड तयार करून देणारी लायब्ररी) वापरत असाल तर इथे जास्त वेळ द्या. एलएलव्हीएममध्ये कॉलच्या सूचनेला फंक्शनचा प्रकार वेगळा द्यावा लागतो, आणि व्हेरिॲडिक फंक्शनला तो टिंबांसकट द्यावा लागतो. घोषणेत टिंबं आहेत पण कॉलमध्ये नाहीत, अशी स्थिती पूर्वी पॉइंटरचे प्रकार न जुळल्याने अडायची. एलएलव्हीएम १५पासून अपारदर्शक पॉइंटर (कोणत्या प्रकाराकडे बोट आहे ते न सांगणारे) मूळ सेटिंग झाले आणि ती अडवणूक गेली. एलएलव्हीएमचा व्हेरिफायर (तपासनीस) ‘ठीक आहे’ म्हणतो आणि चुकीचा कोड तयार होतो. सी-एपीआयमध्ये फंक्शन-प्रकार बनवणाऱ्या कॉलचं शेवटचं आर्ग्युमेंट ‘व्हेरिॲडिक आहे का’ हे विचारतं. तिथे शून्य तर नाही ना, बघा. मग तयार झालेला आयआर (एलएलव्हीएमची मधली भाषा) मजकूर उघडून प्रिंटएफच्या कॉलवर टिंबं दिसतात का ते डोळ्यांनी तपासा.

पडताळणी ४: बढती दिली का

सीचा नियम असा की तीन टिंबांच्या जागी गेलेला फ्लोट डबल होतो, आणि कॅर, शॉर्ट, बूल हे इंट होतात. हे काम कॉल करणाऱ्या बाजूचं आहे. एलएलव्हीएम ते तुमच्यासाठी करत नाही. तुमच्या फ्रंटएंडनेच, म्हणजे तुमची भाषा वाचून एलएलव्हीएमला देणाऱ्या भागानेच, करायचं. फ्लोट तसाच पाठवला तर पलीकडे प्रिंटएफ आठ बाइट वाचतं आणि त्यातले चारच तुमचे असतात. उणे १ च्या जागी २५५ हे लक्षण इथलंच: चिन्हासकट विस्तार करायच्या जागी शून्याने विस्तार झाला.

दोन मार्ग आहेत. एक, सीसारखी आपोआप बढती. दुसरा रस्टचा: व्हेरिॲडिक कॉलला ३२-बिट दशांश दिला की त्रुटी, आणि रूपांतर प्रोग्रामरने स्वतः लिहायचं. नव्या भाषेसाठी मला दुसरा बरा वाटतो. आपोआप बढती एकदा दिली की ती काढून घेता येत नाही.

नलचाही इथेच विचार करा. दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या एक्सेक्एलसारखी फंक्शन्स यादीचा शेवट नल पॉइंटरवरून ओळखतात. तुमच्या भाषेत नल म्हणजे ३२-बिट शून्य असेल, तर रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेतून) जाईपर्यंत काही बिघडत नाही, कारण ३२ बिट लिहिले की ६४-बिट रजिस्टरचा वरचा अर्धा भाग शून्य होतो. यादी लांबली आणि नल स्टॅकवर गेला की वरच्या चार बाइटमध्ये जुना कचरा राहू शकतो. मग फंक्शनला शेवट सापडत नाही आणि ते पुढे वाचत सुटतं.

पडताळणी ५: एएल रजिस्टर

‘पूर्णांक बरोबर, दशांश चुकीचा’ या तक्रारीचं सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच. सिस्टिम व्ही एबीआयप्रमाणे व्हेरिॲडिक फंक्शन कॉल करताना एएलमध्ये, म्हणजे आरएएक्स रजिस्टरच्या शेवटच्या बाइटमध्ये, आर्ग्युमेंट्ससाठी वापरलेल्या व्हेक्टर रजिस्टरांची (दशांश नेणाऱ्या एक्सएमएम रजिस्टरांची) संख्या ठेवायची. ती तंतोतंत नसली तरी चालते, पण खऱ्या संख्येपेक्षा कमी नको आणि आठपेक्षा जास्त नको. कॉल झालेलं फंक्शन एएल बघतं. शून्य असेल तर एक्सएमएम रजिस्टरं जपून ठेवण्याची तसदीच घेत नाही. नंतर ‘%एफ’ आलं की ते त्या न भरलेल्या जागेतून आठ बाइट उचलतं. ०.०००००० तिथून येतं.

एएलमध्ये काहीच न ठेवणं शून्य ठेवण्यापेक्षा फसवं. आरएएक्समध्ये आधीच्या गणिताचं उत्तर पडलेलं असतं, त्याचा शेवटचा बाइट कधी शून्य असतो, कधी नसतो. मग प्रोग्राम एका आकड्याला चालतो, दुसऱ्याला नाही. जुन्या जीसीसीने तयार केलेल्या लायब्ररींत तर एएलवरून उडी मारण्याचा पत्ता काढला जायचा. तिथे कचरा असला की उडी भलत्याच ठिकाणी.

तपासायचं कसं? जीडीबी या डीबगरमध्ये प्रिंटएफवर ब्रेकपॉइंट लावा. नावाआधी तारा घाला, म्हणजे डीबगर फंक्शनच्या अगदी पहिल्या सूचनेवर थांबेल. नाहीतर तो सुरुवातीच्या सूचना ओलांडून पुढे थांबतो. तिथे एएल आणि आरएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) दोन्ही लिहून घ्या. आरएसपी पुढच्या पडताळणीत लागेल.

आरएएक्सलाच मुख्य रजिस्टर मानणाऱ्या छोट्या कंपायलरांत एक सापळा असतो. फंक्शन पॉइंटरमधून कॉल करताना पत्ता आरएएक्समध्ये, आणि एएल भरायचं म्हणजे त्याच आरएएक्सवर लिहायचं. पत्ता आधी आर१० किंवा आर११ मध्ये हलवा, मग एएल भरा, मग आर१० मधून कॉल करा. माझा सल्ला: फंक्शन व्हेरिॲडिक आहे की नाही याची खात्री नसेल तर प्रत्येक बाहेरच्या सी कॉलआधी एएल भरा. साध्या फंक्शनला त्याने काही होत नाही. खर्च एका छोट्या सूचनेचा.

पडताळणी ६: स्टॅक १६ बाइटवर आहे का

कॉलच्या सूचनेआधी आरएसपी १६ ने भागला जायला हवा. कॉल परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो, म्हणून फंक्शनच्या पहिल्या सूचनेवर तो आठाने सरकलेला दिसतो. मघाशी लिहून घेतलेल्या आरएसपीचा शेवटचा हेक्स अंक ८ असेल तर बरोबर, ० असेल तर दोष सापडला.

एएल शून्य असताना कोसळत नाही आणि एएल बरोबर भरलं की कोसळतं, असा उलटा अनुभव पुष्कळांना येतो. मग ते एएलची दुरुस्ती मागे घेतात! कारण सरळ आहे. एएल शून्य नसेल तरच एक्सएमएम रजिस्टरं मूव्हॅप्सने स्टॅकवर ठेवली जातात, आणि मूव्हॅप्सला १६ चा पत्ता लागतो. स्टॅक आधीपासूनच वाकडा होता, एएल दुरुस्त झाल्यावर तो दिसला. नव्या सी लायब्ररींत तर एएल शून्य असतानाही वाकडा स्टॅक कोसळू शकतो, कारण कंपायलर इतर कामांसाठीही त्याच सूचना वापरतो.

वाकडेपणा कुठून येतो? तीन जागा बघा. ‘_स्टार्ट’ स्वतः लिहिलं असेल तर तिथे आरएसपी मुळातच १६ वर असतो, मेनसारखा आठाने सरकलेला नसतो. दोघांना एकच सुरुवातीचा कोड लावला की एकात चूक होणारच. दुसरी जागा लोकल व्हेरिएबल्सची जागा १६ च्या पटीत न वाढवणं. तिसरी जागा शोधायला अवघड: राशीचं गणित करताना अर्धवट उत्तरं पुश करणारे कंपायलर. ‘अ अधिक फंक्शनचा निकाल’ यात अ आधीच स्टॅकवर असतो, म्हणून कॉलच्या वेळी खोली विषम होते. एकटा कॉल चालतो आणि राशीतला कोसळतो तो यामुळे. कोड तयार करताना पुश-पॉपचा हिशेब एका मोजणीत ठेवा, विषम असेल तर कॉलआधी आठ बाइट सोडा आणि नंतर परत घ्या.

पडताळणी ७: रजिस्टरं संपल्यावर काय होतं

पूर्णांक आणि पॉइंटरांसाठी सहा रजिस्टरं: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. दशांशांसाठी एक्सएमएम० ते एक्सएमएम७ अशी आठ. दोन्ही मोजण्या स्वतंत्र. फॉरमॅट स्ट्रिंग आरडीआय घेते, म्हणून पाच पूर्णांक रजिस्टरांत बसतात आणि सहावा स्टॅकवर जातो. ‘सहावा कचरा’ म्हणजे स्टॅकचा भाग चुकलाय.

स्टॅकवरची आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे पुश करा, प्रत्येकाला आठ बाइट द्या. १६ साठी भर घालायची असेल तर ती आर्ग्युमेंट्स पुश करण्याआधी. नंतर घातली तर ती भरच पहिलं आर्ग्युमेंट म्हणून वाचली जाते.

तपासायला एकच कॉल पुरे: दहा पूर्णांक आणि दहा दशांश आलटून पालटून, सगळे वेगवेगळे. १, १.५, २, २.५ असे. दोन मोजण्यांची सरमिसळ झाली असेल तर कोणता आकडा कुठे गेला ते लगेच दिसतं.

पडताळणी ८: दुसरं मशीन

लिनक्सवर सगळं जमलं म्हणजे झालं असं समजू नका. एबीआयनुसार नियम बदलतात.

ॲपलच्या आर्म मशीनवर टिंबांच्या जागची सगळी आर्ग्युमेंट्स स्टॅकवर जातात, प्रत्येकी आठ बाइटच्या जागेत, रजिस्टरं रिकामी असली तरी. लिनक्सच्या आर्मवर ती साध्या आर्ग्युमेंट्ससारखी रजिस्टरांत जातात. म्हणून पडताळणी ३ मधली चूक लिनक्सच्या आर्मवर झाकली जाते आणि मॅकवर उघडी पडते. फाइल उघडणारं ओपन आणि उपकरणांना आज्ञा देणारं आयओसीटीएल ही दोन्ही व्हेरिॲडिक आहेत हे लोक विसरतात. नवी फाइल तयार केली आणि तिच्या परवानग्या विचित्र आल्या, तर प्रिंटएफ वापरलं नसलं तरी दोष हाच आहे.

६४-बिट विंडोजवर पहिली चार आर्ग्युमेंट्स आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ मध्ये, मोजणी एकच आणि जागेनुसार. कॉल करणाऱ्याने ३२ बाइटची रिकामी जागा स्टॅकवर सोडायची. टिंबांच्या जागचा दशांश एक्सएमएममध्ये आणि त्याच क्रमांकाच्या पूर्णांक रजिस्टरमध्ये, दोन्हीकडे ठेवायचा. एएलचा तिथे संबंध नाही. रिस्क-व्ही वर व्हेरिॲडिक दशांश पूर्णांक रजिस्टरांतून जातात.

पडताळणी ९: कॉल होणारी बाजू

इथपर्यंत आलात तर तुमच्या भाषेतच व्हेरिॲडिक फंक्शन लिहायची सोय तुम्ही देताय. आधी एक प्रश्न: सीच्या पद्धतीची सोय खरंच हवी आहे का? जावाने २००४ साली पाचव्या आवृत्तीत टिंबं आणली ती ॲरेचं गोड रूप म्हणून. कंपायलर आर्ग्युमेंट्स ॲरेत भरतो आणि एकच ॲरे पाठवतो. गो भाषा स्लाइस पाठवते. लांबी बरोबर जाते, प्रकार माहीत असतो, आणि वरचा सगळा एबीआयचा गोंधळ टळतो. सीची टिंबं फक्त सी फंक्शन कॉल करण्यापुरती ठेवा. बहुतेक भाषांना एवढंच लागतं.

तरीही हवीच असेल तर मोजमापं ही. फंक्शनच्या सुरुवातीला रजिस्टरं जपून ठेवायला १७६ बाइटची जागा: सहा पूर्णांक रजिस्टरांचे ४८ आणि आठ एक्सएमएमचे १२८. व्हीए-लिस्ट (टिंबांतली आर्ग्युमेंट्स वाचताना कुठवर पोचलो याची नोंद) २४ बाइटची: दोन चार-बाइटचे अंतर-आकडे, मग स्टॅकवरच्या आर्ग्युमेंट्सचा पत्ता, मग जपलेल्या रजिस्टरांचा पत्ता. पहिलं अंतर नाव असलेल्या पूर्णांकांच्या आठपट. दुसरं ४८ अधिक नाव असलेल्या दशांशांच्या सोळापट. एका फॉरमॅट स्ट्रिंगचं फंक्शन असेल तर ८ आणि ४८. पहिलं अंतर ४८ ला पोचलं की पूर्णांक स्टॅकवरून घ्यायचे, दुसरं १७६ ला पोचलं की दशांश.

‘शेजारची व्हेरिएबल्स आपोआप बदलतात’ हे लक्षण व्हीए-लिस्टला पॉइंटर समजून आठच बाइट दिल्याचं आहे. व्हीए-लिस्ट भरणारं व्हीए-स्टार्ट पुढच्या सोळा बाइटवर लिहितं.

व्हीए-लिस्ट दोनदा वापरणं हा वेगळा दोष. ३२-बिट एक्स८६ वर ती साधा पॉइंटर असते आणि तिची प्रत पुढे जाते, म्हणून दोनदा वापरली तरी सहसा निभावतं. ६४-बिट सिस्टिम व्हीमध्ये ती एका घटकाचा ॲरे आहे. पुढे जातो तो मूळ वस्तूचा पत्ता, आणि पहिल्या वापरातच आर्ग्युमेंट्स पुढे सरकलेली असतात. सी९९ मध्ये तिची प्रत काढणारं व्हीए-कॉपी याचसाठी आलं.

एलएलव्हीएममध्ये पुढचं आर्ग्युमेंट काढणारी व्हीए-आर्ग नावाची तयार सूचना आहे, पण तिच्यावर विसंबू नका. बऱ्याच मशीनांसाठी तिचा आधार अपुरा आहे आणि क्लँगसुद्धा हे काम बहुतांशी स्वतःच्या फ्रंटएंडमध्ये उलगडून करतं. क्लँगने तयार केलेला आयआर बघा आणि तसाच तयार करा.

या बाजूची पडताळणी चार जोड्यांत करा: तुमचा कॉलर आणि जीसीसीचं फंक्शन, जीसीसीचा कॉलर आणि तुमचं फंक्शन, मग दोन्ही तुमचे, दोन्ही जीसीसीचे. फक्त ‘दोन्ही तुमचे’ तपासणाऱ्यांचं सगळं हिरवं दिसतं, कारण दोन्हीकडे एकच चूक असते.

इथे थांबा

स्ट्रक्ट (अनेक किमतींचा गठ्ठा) पत्त्याऐवजी किमतीने टिंबांतून पाठवायची असेल तर थांबा. सोळा बाइटपर्यंतच्या स्ट्रक्टचे तुकडे प्रकारानुसार वेगवेगळ्या रजिस्टरांत जातात, अर्धं रजिस्टरात आणि अर्धं स्टॅकवर असं चालत नाही, आणि प्रत्येक मशीनचा नियम निराळा. लाँग डबल आणि १२८-बिट पूर्णांकांचंही तेच. एक छोटं सी फंक्शन लिहा जे पॉइंटर घेतं आणि पुढचा व्हेरिॲडिक कॉल स्वतः करतं. ते त्या मशीनच्या सी कंपायलरने बांधा. प्रोग्राम चालतानाच आर्ग्युमेंट्स ठरत असतील, उदाहरणार्थ इंटरप्रिटरमध्ये, तर असे कॉल चालतानाच जुळवणारी लिबएफएफआय ही लायब्ररी वापरा. त्यात व्हेरिॲडिक कॉलच्या तयारीसाठी वेगळं फंक्शन आहे. साधं तयारीचं फंक्शन वापरलं तर मॅकवर पुन्हा पडताळणी ८.

तुमच्या भाषेच्या वापरकर्त्याकडून आलेला मजकूर फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून प्रिंटएफपर्यंत पोचत असेल, तर कंपायलर दुरुस्त करणं बाजूला ठेवा आणि सुरक्षा तपासणाऱ्या माणसाला बोलवा. ‘%एन’ मेमरीत लिहितं. ही चूक आकडे बरोबर छापले जात असतानाही जिवंत असते.

वरच्या नऊही पडताळण्या झाल्या, चार जोड्यांपैकी एकच चुकते आणि कारण दिसत नाही. किंवा मशीन एखाद्या चिप उत्पादकाचं आहे आणि एबीआयचा दस्तऐवज तुमच्याकडे नाही. किंवा कोड वैद्यकीय उपकरणात, गाडीत, पैशाच्या व्यवहारात जाणार आहे. अशा वेळी अंदाजाने सूचना बदलत बसू नका. त्या मशीनचा बॅकएंड (मशीन कोड तयार करणारा भाग) सांभाळणाऱ्याकडे किंवा उत्पादकाच्या कंपायलर चमूकडे जा. जाताना दहा ओळींपेक्षा छोटा प्रोग्राम, त्याचा तुमच्या आणि क्लँगच्या कंपायलरने केलेला असेंब्ली कोड, मशीन व ऑपरेटिंग सिस्टिमची नेमकी नावं, आणि कॉल झालेल्या फंक्शनच्या पहिल्या सूचनेवरची सगळी रजिस्टरं एवढं बरोबर न्या. नुसता ‘प्रिंटएफ चालत नाही’ असा निरोप पाठवलात तर उत्तरादाखल याच चार गोष्टी मागितल्या जातील.